चाकाचा नट नेमका कुठे टेकतो?

सिमरोल मागे पडून भेरूघाटाची वळणे सुरू झाली, तेव्हा गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून तो आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. टक्, टक्, टक्, असा एका लयीत येणारा हा आवाज वेग कमी केला की स्पष्ट होई आणि वेग वाढला की रस्त्याच्या घरघरीत विरून जाई. आम्ही इंदूरहून रावेरखेडीला, बाजीराव पेशव्यांच्या समाधीच्या दर्शनासाठी निघालो होतो. शेजारी मेहुणा बसला होता आणि तो पीथमपूरच्या एका कारखान्यात यंत्रजुळणीचे काम करतो, हे त्या दिवशी माझे नशीबच म्हणायचे. "भावोजी, गाडी बाजूला घ्या. हे बेअरिंग नाही," तो म्हणाला. खाली उतरून पाहिले, तर चारपैकी दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते.

बेअरिंग खराब झाले, तर वेगाबरोबर वाढत जाणारी घूं घूं ऐकू येते आणि वळणावर गाडीचा भार एका बाजूला गेला की ती कमीजास्त होते. चाकाचा बॅलन्स बिघडला असेल, तर साधारणपणे ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग किंवा आसन थरथरते आणि हळू चालवताना काहीच जाणवत नाही. सैल चाकाचे नेमके उलटे असते, कारण ते कमी वेगातच, विशेषतः वळताना आणि ब्रेक लावताना, आपले अस्तित्व कळवते. हा फरक मला आधी ठाऊक असता, तर तेजाजी नगरच्या चौकातच मी थांबलो असतो. तिथेही एक-दोनदा टक् झाले होते आणि मी ते डिकीतल्या सामानावर ढकलले होते.

माझी गाडी होंडा सिटी. नऊ दिवसांपूर्वीच मी तिची मूळची लोखंडी चाके काढून बाजारातली अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, चाके बसवून घेतली होती. डिकीतल्या पान्याने नट आवळून आम्ही सावकाश माघारी फिरलो आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. तिथल्या मुलाने हवेवरची गन लावून चारही नट कर्रकन आवळले आणि "अब नहीं खुलेगा, भिया," असे आश्वासन दिले. साठेक किलोमीटरनंतर ते पुन्हा सैल झाले. या वेळी दुकानातून दोन उपाय सुचवण्यात आले: नटाखाली स्प्रिंग वॉशर घालणे, नाहीतर आट्यांना चिकट द्राव लावणे. दोन्ही ऐकून मेहुण्याने कपाळाला हात लावला.

चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाला हब म्हणतात आणि त्यातून बाहेर आलेल्या, नट बसवायच्या आटेदार खिळ्यांना स्टड. चाक नटांवर टांगलेले असते आणि गाडीचा भार स्टडांवर येतो, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात नट आवळताना स्टड अगदी किंचित ताणला जातो, त्या ताणाने चाक हबच्या तोंडावर दाबले जाते आणि या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणावरच सगळा भार पेलला जातो. माझ्या गाडीचे स्टड 12 मिलिमीटर जाडीचे असून त्यांच्यासाठी ठरवून दिलेला जोर 108 न्यूटन-मीटर आहे. एवढ्या जोराने आवळलेला एकेक नट ढोबळमानाने तीन-चार टनांचा दाब देतो. हा दाब कमी झाला की चाक हबवर केसभर इकडे तिकडे सरकू लागते आणि असे आडवे सरकणेच नटाला उलटे फिरवते. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली हे प्रयोगाने दाखवून दिले होते. त्यामुळे नट पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर तो किती आवळला हे विचारण्याआधी त्याचा दाब कुठे खर्च होतो, हे शोधावे लागते.

तो शोध आम्ही अंगणात, लोकमान्य नगरच्या घरी घेतला. चाक काढल्यावर नटांच्या भोकांभोवती काळी, तेलकट वाटणारी भुकटी दिसली. अॅल्युमिनियम घासले गेल्याची ती खूण होती. मग मेहुण्याने देवघरातले कुंकू गोडेतेलात कालवले, एका नटाच्या टेकणाऱ्या भागाला त्याचा पातळ लेप दिला, नट हाताने घट्ट बसवला आणि काढला. भोकाच्या आत कुंकवाची भरीव पट्टी उमटायला हवी होती, पण उमटली ती सुताएवढी बारीक गोल रेघ. कारण होंडाच्या मूळ चाकांचे नट टेकण्याच्या जागी चेंडूसारखे गोलाकार असतात, तर बाजारातल्या बहुतेक अलॉय चाकांमधली बैठक 60 अंशांच्या शंकूची असते. चेंडू शंकूत ठेवला, तर तो एका रेघेवरच टेकणार. दुकानदाराने माझे जुनेच नट नव्या चाकांना लावले होते आणि आटे जुळत असल्यामुळे कोणालाच काही वावगे वाटले नव्हते. त्या बारीक रेघेखालचा रंग आणि मऊ धातू थोडासा चेपला गेला, की स्टडाचा ताण उतरणारच; मग गन लावा की हातोडा.

दुसरी गोष्ट चाकाच्या मधल्या भोकाची. त्यात शिरणाऱ्या, माझ्या गाडीच्या हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यास 56.1 मिलिमीटर आहे आणि नव्या चाकाचे मधले भोक निघाले 73.1, म्हणजे चहूबाजूंनी साडेआठ मिलिमीटरची पोकळी. ती भरून काढणारी कडी मिळते, पण ती बसवलेलीच नव्हती. कडी नसली तरी शंकूचे नट चाक मध्यावर आणू शकतात, म्हणून एकटी कडी नसणे हे कारण नव्हे. आमच्याकडे मात्र कडीही नव्हती आणि नटही चुकीचे होते.

मागच्या डाव्या चाकाची दोन भोके लांबट झाली होती. ते चाक मी भंगारात दिले आणि त्या हबचे चारही स्टड बदलले, कारण सैल चाकाने चाललेल्या स्टडावर पुन्हा विश्वास टाकणे मला पटत नाही. शंकूचे नवे नट घेतले, कड्या घेतल्या आणि सियागंजातून एक टॉर्क पानाही, म्हणजे ठरावीक जोरानेच नट आवळता येणारा पाना, आणला. सत्तर किलोचा माणूस फूटभर लांबीच्या पान्यावर उभा राहिला, तर 200 न्यूटन-मीटरच्या वर जोर पडतो आणि स्टड कायमचा ताणला जातो, हे समजल्यापासून पान्यावर उभे राहणाऱ्यांची मला फार भीती वाटते. हबचे तोंड तारेच्या ब्रशने घासून गंज काढला आणि कुंकवाचे तेल बैठकीवरून व आट्यांवरून नीट पुसले, कारण तेलकट आट्यांवर तोच जोर लावला तरी स्टड जास्त ताणला जातो. प्रत्येक नट आधी हातानेच निदान आठ फेरे आत गेला, याची खात्री केली. मग समोरासमोरचे नट आलटून पालटून, दोन टप्प्यांत, शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकवून. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावला, तेव्हा एक नट जरासा फिरला आणि बाकीचे जागचे हलले नाहीत. नव्या चाकाचा रंग बैठकीत दबतो, म्हणून एवढे होतेच.

आता प्रत्येक नटापासून चाकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली आहे, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. महिन्याभराने रावेरखेडीला जाऊन आलो, रेघा जुळलेल्याच होत्या. जुने गोल नट मी फेकणार होतो, तेवढ्यात मेहुण्याने विचारले, "आणि स्टेपनी?" ती अजून मूळचीच, लोखंडी, गोल बैठकीची. चार जुने नट आता कापडी पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधून ठेवले आहेत.