विजेच्या तारेखालून कोळशाचं इंजिन: सपोर्ट क्रूमधला माझा अनुभव

इंग्लंडमधल्या प्रेस्टन ते कार्लाइल या मार्गावर पेंडोलिनो नावाच्या वेगवान विजेच्या गाड्या ताशी १२५ मैलांपर्यंत धावतात. त्याच रुळांवरून, त्याच सिग्नलांवर, काही शनिवारी वाफेचं इंजिन भरलेली गाडी घेऊन शॅप या डोंगरमाथ्याचा चढ चढतं. त्याला वेगमर्यादा फार तर ७५ मैलांची. मागून पेंडोलिनो येते आहे आणि पुढच्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, शिरून तिला वाट द्यायची आहे, हे इंजिनावरच्या प्रत्येकाच्या डोक्यात असतं. अशा गाड्यांच्या सपोर्ट क्रूमध्ये मी काम करते. गाडी बघायला आलेल्यांना धूर आणि शिट्टी दिसते. त्याआधी काय काय पार पाडावं लागतं, ते मला सांगायचं आहे.

आधी एक खुलासा. इंजिन आम्ही चालवत नाही. ड्रायव्हर आणि आगीत कोळसा टाकणारा फायरमन हे परवाना असलेल्या रेल्वे कंपनीचे, या मार्गाची आणि या इंजिनाची परीक्षा दिलेले. सपोर्ट क्रू म्हणजे इंजिनाच्या मालक संस्थेची माणसं, बहुतेक स्वयंसेवक. इंजिनामागच्या डब्यात आमचा मुक्काम. तिथेच हत्यारं, तेलाचे डबे, पाण्याचे पाइप आणि चहाची किटली. इंजिन तयार करणं, वाटेत पाणी भरणं, तेलपाणी, तपासणी आणि रात्री आग काढणं ही कामं आमची.

मी लीड्सला राहते. जवळच कीली अँड वर्थ व्हॅली रेल्वे आहे. पाच मैलांची ही शाखा ब्रिटिश रेल्वेने बंद केली आणि १९६८ मध्ये हौशी लोकांनी ती पुन्हा सुरू केली. तिथे चिंध्या आणि रॉकेल घेऊन इंजिनं पुसण्यापासून माझी सुरुवात झाली. तिथली वेगमर्यादा २५ मैल, रूळ आपलेच, मागून कुणी येत नाही. मेन लाइनवर, म्हणजे रोजच्या गाड्यांच्या मुख्य रुळांवर, जायचं ठरलं तेव्हा सगळं बदललं. नजर आणि कान तपासले, दारू आणि अंमली पदार्थांची चाचणी झाली, रुळांजवळ कसं वागायचं याची परीक्षा झाली. दौंडला बाबांना फोन करून सांगितलं. ते मालगाड्यांच्या डब्ल्यूजी इंजिनांवर फायरमन होते.

"अगं, डोळे बघितले ना? मग रेल्वे बरोबर आहे तुमची," ते म्हणाले. "आम्हाला पण ए-वन मेडिकल द्यायला लागायचं. आणि लेड प्लग बघायला शिकवलं का?"

शिकवला होता. फायरबॉक्सच्या, म्हणजे आग जळते त्या पेटीच्या, छताला शिसं भरलेले प्लग असतात. बॉयलरमधलं पाणी छताच्या खाली उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर येऊन धोक्याची सूचना देते. बाबांच्या शेडमध्ये आणि आमच्या शेडमध्ये साडेचार हजार मैलांहून जास्त अंतर आहे, पण फायरबॉक्समध्ये वाकून टॉर्चच्या उजेडात सगळ्यात आधी बघायचं ते हेच.

आमचं इंजिन ब्लॅक फाइव्ह वर्गातलं. १९३४ ते १९५१ या काळात अशी ८४२ इंजिनं बनली. ११ ऑगस्ट १९६८ ला ब्रिटिश रेल्वेची वाफेवरची शेवटची गाडी धावली, तेव्हाही ब्रिटानिया वर्गातल्या एका इंजिनाबरोबर तीन ब्लॅक फाइव्ह होती. त्यानंतर मुख्य मार्गांवर वाफेच्या इंजिनांना बंदी आली. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये 'किंग जॉर्ज पाचवा' हे इंजिन धावलं आणि बंदी सैल झाली. आज आम्हाला रूळ मिळतात ते त्या एका फेरीमुळे, असं मला वाटतं. ती बिघडली असती तर दार पुन्हा कधी उघडलं असतं, कोण जाणे.

फेरीआधीच्या आठवड्यात तपासणी असते. तपासनीस चाकांची कड गेजने मोजतात, स्प्रिंगांच्या पट्ट्यांवर हातोडी मारून आवाज ऐकतात, ब्रेक लावून-सोडून बघतात. आसांना आतून तडा गेला नाही ना, हे ठरावीक मुदतीने अल्ट्रासाऊंडने पाहिलेलं असतं. मग आधुनिक पेट्या. या इंजिनात सिग्नलचा इशारा देणारी एडब्ल्यूएस आहे, लाल सिग्नल ओलांडला तर स्वतःहून ब्रेक लावणारी टीपीडब्ल्यूएस आहे, वेग आणि ब्रेकची नोंद ठेवणारा रेकॉर्डर आहे आणि जीएसएम-आर रेडिओ आहे. यातली एक पेटी जरी बोलेनाशी झाली तरी गाडी निघत नाही, मग बॉयलर कितीही ठणठणीत असो. पहिल्यांदा मला याचा राग आला होता. तपासनीस शांतपणे म्हणाले, "पुढच्या गाडीतल्या माणसांना आपलं इंजिन किती जुनं आहे याच्याशी काय घेणं?" त्या वाक्यानंतर मी पेट्यांच्या बाजूची झाले.

आग आदल्या दिवशीच पेटवतात, तीही छोटी. आतला फायरबॉक्स तांब्याचा, बाहेरचा पत्रा पोलादाचा. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. घाई केली तर त्यांना जोडणारे स्टे बोल्ट ताणले जातात. म्हणून लाकडं, थोडा कोळसा आणि रात्रभर पहारा. पहाटे दाब चौरस इंचाला २२५ पौंडांच्या जवळ आला की बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे इंजेक्टर दोन्ही बाजूंचे चालवून बघायचे, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा एकेक करून फुंकायच्या. मग तेल. रॉडच्या टोकांत, बाहेरच्या गिअरमध्ये, खाली वाकून ॲक्सलबॉक्समध्ये, म्हणजे चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या पेट्यांत. आतल्या भागाला तेल घालायला मी फायरबॉक्सच्या खाली शिरते तेव्हा वरची उष्णता पाठीला लागते. तिथे शिरण्याआधी इंजिन हलणार नाही याची खात्री ड्रायव्हरकडून तोंडी घ्यायची आणि रेग्युलेटरजवळ, म्हणजे वाफ सोडायच्या दांड्याजवळ, पाटी लावायची. या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय आमच्याकडे कुणीही खाली उतरत नाही.

कागदावरची लढाई याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. गाडीचा नंबर 1Z ने सुरू होतो. 'झेड' म्हणजे वेळापत्रकाबाहेरची खास गाडी. इंजिन त्या मार्गाच्या पुलांवर चालेल का, फलाटाच्या कडेला सिलिंडर घासणार नाही ना, पाणी कुठे घ्यायचं, कुठल्या लूपमध्ये किती मिनिटं थांबायचं, हे सगळं महिनोन्‌महिने आधी ठरतं. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात, ४,००० गॅलन, म्हणजे सुमारे १८,००० लिटर पाणी मावतं. जुन्या काळी रुळांमध्ये पाण्याचे हौद असत आणि धावत्या गाडीतून पाणी उचललं जाई. आता वाटेतल्या कार्नफर्थच्या लूपमध्ये टँकर उभा करून पाइपने भरायचं. तेवढ्या वेळात आम्ही धावत जाऊन, तापला नाही ना ते बघायला, ॲक्सलबॉक्सला उलटा हात लावतो. हात ठेवता आला तर ठीक.

गाडीच्या शेवटी बऱ्याचदा डिझेल इंजिन जोडतात. पुलावर कॅमेरे घेऊन थांबलेली मंडळी त्यावर फार नाराज असतात. मला ती नाराजी पटत नाही. शॅपवर आमचं इंजिन बसलं तर मागे ग्लासगोपर्यंतच्या गाड्या खोळंबतात, आणि असं दोनदा घडलं की पुढच्या वर्षी वेळ मागायला आपल्याला तोंड उरत नाही. उन्हाळा कोरडा गेला तर ठिणगीने रुळांलगतचं गवत पेटू नये म्हणून आमचं इंजिन शेडमध्येच ठेवतात आणि पूर्ण गाडी डिझेल ओढतं. त्या दिवशी जिवाला लागतं, पण शेतकऱ्याचं कुरण जाळून मिरवायचं तरी काय?

डब्यांच्या दरवाजांचंही तसंच. हाताने उघडणारे, एका जागेवरून कुलूप न लागणारे जुने दरवाजे १९९९ च्या नियमांनी खास सवलतीशिवाय बंद केले. आता ती सवलतही आखडत चालली आहे. कुलुपं बसवायला खर्च मोठा आहे. तरीही बसवावीत, असं माझं ठाम मत आहे.

टेबे गावाच्या पुढे शॅपचा खरा चढ लागतो. सुमारे चार मैल, ७५ फुटांना एक फूट. एका फेरीत पाऊस भुरभुरत होता आणि रूळ ओले होते. पहिल्यांदा चाकं घसरून जागच्या जागी फिरली तेव्हा आमच्या डब्यात सगळे बोलायचे थांबले. ड्रायव्हरने रेग्युलेटर क्षणभर मिटला, वाळू सोडली, पुन्हा उघडला. इंजिनाचा श्वास हळू पडत गेला, इतका की एकेक ठोका वेगळा ऐकू यायचा, पण पुन्हा तो तुटला नाही. सुमारे २८० मीटर उंचीवरचा माथा ओलांडला तेव्हा मी रडत होते. शेजारच्या फिटरबाबांनी न बोलता किटली माझ्यापुढे सरकवली. माथ्यावर आम्ही ठरलेल्या वेळेच्या आत होतो आणि मागची पेंडोलिनो अडली नव्हती.

कार्लाइलला त्रिकोणी मार्गावरून इंजिन फिरवलं आणि परतीला सेटल गावावरून जाणाऱ्या मार्गाने निघालो. या मार्गावर विजेची तार नाही. म्हणून टेंडरवर चढून मागचा कोळसा पुढे ओढायचं काम वाटेतल्या ॲपलबी स्टेशनला ठेवलेलं असतं. २५,००० व्होल्टच्या तारेखाली टेंडरवर चढायला सक्त मनाई आहे, अगदी पाण्याचं झाकण उघडायलाही. ॲपलबीला पाणी भरून झालं की समोर आइस गिलचा माथा, ३५६ मीटरवर. शॅपइतका उभा नाही, पण संपता संपत नाही. फायरमनसाठी हीच खरी परीक्षा, कारण इतक्या लांब चढाच्या फावडेबाजीत आगीला एकही भोक पडू द्यायचं नाही. कोळसाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. वेल्समधली फॉस-इ-फ्रॅन ही मोठी उघडी खाण २०२३ मध्ये बंद झाली. आता बाहेरून येतो तो वेगळ्या स्वभावाचा, आणि प्रत्येक नव्या ढिगाबरोबर फायरमनला आग लावायची सवय बदलावी लागते.

पुढची परीक्षा सिग्नलांची आहे. रुळांलगतचे सिग्नल काढून ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर सूचना देणारी ईटीसीएस यंत्रणा लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मार्गावर येते आहे. त्यासाठी २००८ मध्ये नव्याने बांधलेलं 'टॉर्नेडो' हे इंजिन चाचणीसाठी निवडलं गेलं. हादरे, धूळ, उष्णता आणि वीजही इंजिनावरच तयार करायची, अशा ठिकाणी संगणक टिकवायचा आहे. तो टिकला तर बाकीच्यांना वाट सापडेल.

रात्री शेडमध्ये आल्यावर आग काढली, राखपेटी साफ केली, धुराच्या डब्यातली काजळी फावड्याने उपसली. मग दुरुस्तीची वही. उजव्या इंजेक्टरची गळती, टेंडरच्या मधल्या आसाचे ब्रेक ब्लॉक बदलायचे, डावीकडची पाण्याची काच नवीन हवी. आणि खाली मोठ्या अक्षरात: पुढच्या फेरीआधी बॉयलर वॉशआउट, म्हणजे बॉयलर आतून धुणं. त्याला हात लागतील तितके कमी. लीड्स-मँचेस्टरच्या बाजूला राहणाऱ्या कुणाला यायचं असेल तर जुने कपडे आणि जाड तळव्याचे बूट आणावेत, बाकी सगळं आम्ही शिकवतो.