समोरचा वारा, आडवा वारा

वाऱ्याचे दिवस सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते, आणि मी पुलाच्या मधोमध सायकलवरून उतरून कठड्याला धरून उभी होते. पाय लटपटत होते. दमल्यामुळे की घाबरल्यामुळे, तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं: दमवलं होतं समोरच्या वाऱ्याने, पुलाआधीच्या मोकळ्या रस्त्यावर, आणि घाबरवलं होतं पुलावरच्या आडव्या वाऱ्याने. हे दोन वेगळे वारे आहेत, आणि त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी शिकाव्या लागतात, हे मला माहीतच नव्हतं. दोन्हींवर माझा इलाज एकच होता: हँडल आवळायचं आणि जोर लावायचा.

माझा कामावर जायचा रस्ता चौदा किलोमीटरचा. त्यातले मधले पाच किलोमीटर सपाट, दोन्ही बाजूंना शेतं, आडोशाला एक झाड नाही. मग लांब पूल. शांत हवेत मी ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने जाते, चाळीस-बेचाळीस मिनिटांत पोचते. त्या आठवड्यात मला सव्वा तास लागत होता, आणि पोचल्यावर तासभर डोकं चालत नव्हतं.

बरीच वर्षं सायकल चालवणारे एक काका त्याच रस्त्याने जातात. वयाने माझ्या वडिलांएवढे. त्या दिवशी पुलाच्या पलीकडे भेटले, माझा चेहरा बघून थांबले. म्हणाले, "मीटर बघत होतीस ना?"

बघतच होते. मीटरवर अकरा दिसायचे, की मी चिडून चौदावर न्यायची. दोन मिनिटांत पुन्हा अकरा. पुन्हा जोर.

"त्याच्यावर चिकटपट्टी लाव," ते म्हणाले. "आणि गिअर दोन खाली घे. पाय शांत दिवशी जसे फिरतात तसेच फिरले पाहिजेत. किती वेगात चाललीस ते वाऱ्याला ठरवू दे."

मी घरी येऊन खरंच काळी चिकटपट्टी लावली. पण मला कारण समजल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेत शिकलो होतो. इथे वेग म्हणजे जमिनीवरचा नाही, अंगाला लागणाऱ्या हवेचा. शांत हवेत मी ताशी वीसने जाते तेव्हा हवा मला वीसने लागते. समोरून वीसचा वारा असेल आणि मी वीसच धरून ठेवायचा हट्ट केला, तर हवा चाळीसने लागते. वेग दुप्पट, विरोध चौपट. म्हणजे हवा कापायलाच चौपट ताकद. तेवढी माझ्यात नाही, बहुतेक कुणातच नसते. उलट रोजचीच ताकद ठेवली, तर वेग साधारण निम्म्यावर येतो, दहा-अकरा. मीटर मला जे अकरा दाखवत होता, ते माझं अपयश नव्हतं. तो त्या वाऱ्यातला माझा बरोबर वेग होता. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मला अक्षरशः हलकं वाटलं.

त्याच कागदावर माझा आणखी एक समज मोडला. जाताना वारा समोर असला तर येताना पाठीशी, म्हणजे फिट्टंफाट, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. दहा किलोमीटर जायला ताशी दहाने साठ मिनिटं, यायला ताशी तीसने वीस मिनिटं, एकूण ऐंशी. शांत दिवशी वीसने जाऊन-येऊन साठच. कारण साधं आहे: वाऱ्याच्या विरोधात आपण जास्त वेळ असतो, पाठीच्या वाऱ्यात कमी वेळ. म्हणून घरून निघतानाच वेळ जास्त धरायची. उशीर होतोय ही धास्ती मनात असली की माणूस पुन्हा जोर लावायला लागतोच. मी अर्धा तास आधी निघायला लागले, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

गिअरचं मात्र सवयीने जमलं. वाऱ्याचा झोत आला की आधी गिअर खाली, मग काय ते. पॅडल जड झाल्यावर गिअर बदलायचा नाही, जड होण्याआधी बदलायचा. मिनिटाला ऐंशी फेऱ्यांच्या आसपास पाय फिरत राहिले तर गुडघ्यांवर ताण कमी येतो. मधेच झोत थांबला तर तेवढीच विश्रांती. ती घ्यायची, लगेच वेग वाढवायला धावायचं नाही.

मग अंग लहान करणं. सपाट रस्त्यावर हवेला अडवतं ते मुख्यतः आपलं शरीर, सायकल नाही. माझी सायकल सरळ हँडलची आहे, त्यामुळे शर्यतीच्या सायकलसारखं खाली वाकता येत नाही. पण कोपरं बाहेर फाकलेली होती ती आत घेतली, किंचित वाकवली, खांदे पाडले, हनुवटी खाली आणली. एवढ्याने फरक कळतो. आणि जॅकेट! माझं जॅकेट ढगळ होतं, पाठीवर फुगा व्हायचा आणि बाह्या फडफडायच्या. ते बदलून अंगासरशी बसणारं घातलं त्या दिवशी आवाजच निम्मा झाला. अशी फडफड म्हणजे वाया जाणारी ताकद असते, ती कानांनी ऐकू येते.

कधी कधी काका पुढे आणि मी मागे, असं जायचो. मागच्याची हवा कापायची मेहनत बरीच वाचते, समोरच्या वाऱ्यात तर चांगलीच जाणवते. पण त्यासाठी पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या फार जवळ जावं लागतं, आणि पुढच्याने न सांगता ब्रेक लावला तर थेट धडक. त्यामुळे मी हे फक्त ओळखीच्या माणसामागे, मोकळ्या रस्त्यावर करते. अनोळखी सायकलवाल्याच्या मागे चिकटून जाणं मला पटत नाही.

इथपर्यंत समोरच्या वाऱ्याचं. साधारण तीन आठवड्यांत तो मला जमला. पूल मात्र जमेना.

आडव्या वाऱ्याची भीती वेगळी असते. तिथे आपण दमत नाही, आपण ढकलले जातो. आधी हातभर, मग दोन हात, आणि शेजारून गाड्या चाललेल्या. मी हँडल इतकं आवळायची की पुलाच्या टोकाला बोटं सरळ व्हायची नाहीत. आणि जितकं आवळावं तितकी सायकल जास्त डगमगायची. हे का, ते समजायला मला वेळ लागला. झोत आधी आपल्या धडावर आदळतो. हात ताठ असले की धडाला बसलेला धक्का सळईतून जावा तसा थेट हँडलमध्ये जातो आणि पुढचं चाक वळतं. म्हणजे सायकल वाऱ्याने जेवढी ढकलली जाते, त्याहून जास्त ती माझ्याच ताठ हातांनी वळत होती. कोपरं सैल असली की धक्का कोपरांत मुरतो.

कळलं तरी हात ऐकत नव्हते. घाबरलेल्या माणसाला "सैल सोड" म्हणून सैल सोडता येत नाही. म्हणून मी पुलावर सराव करणं सोडलं. सुट्टीच्या दिवशी एका रिकाम्या मैदानात, जिथे पडले तरी गवतावर पडेन, तिथे आडव्या वाऱ्यात येरझाऱ्या घातल्या. प्रत्येक फेरीत एकच काम: दर थोड्या वेळाने हँडलवरची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवायची. बोटं हलत असतील तर पकड घट्ट असूच शकत नाही. पोट आवळायचं, वजन पॅडलवर आणि सीटवर, हातांवर जवळजवळ काही नाही. तीन सुट्ट्या गेल्या. चौथ्या सुट्टीत एक मोठा झोत आला, सायकल वाऱ्याकडे आपोआप थोडी कलली आणि सरळ चालत राहिली. मी काहीच केलं नव्हतं. तो क्षण मी विसरणार नाही.

तर कलायचं वाऱ्याच्या दिशेला, आणि ते सायकल आपलं आपण करते, जर आपण तिला करू दिलं तर. पण या कलण्यातच पुलावरचा सगळ्यात मोठा धोका दडलेला आहे. समजा वारा उजवीकडून आहे आणि आपण उजवीकडे किंचित कललो आहोत. उजवीकडून ट्रक आला. ट्रक शेजारी येताच वारा एकदम बंद होतो. टेकायला काही उरत नाही, आणि सायकल उजवीकडे, म्हणजे ट्रककडेच झुकते. ट्रक पुढे गेला की वारा दुप्पट जोराने आल्यासारखा परत आदळतो. मला हे दोन्ही धक्के बसले आहेत. आता मोठी गाडी मागून येताना दिसली की मी पॅडल मारणं थांबवत नाही, फक्त थोडी हळू होते, अंग सायकलवर सरळ आणते आणि दुसऱ्या धक्क्याची वाट बघते. दिसण्यासाठी आरसा लावला, कारण वाऱ्याच्या घोंघावण्यात मागची गाडी ऐकू येत नाही, आणि झोतात मान वळवून बघणं म्हणजे सायकल वळवणं. रस्त्याच्या अगदी कडेलाही जात नाही. दोन्ही बाजूंना सरकायला जागा हवी.

असेच धक्के भिंत संपते तिथे, इमारतींच्या फटीत, पुलाच्या सुरुवातीला बसतात. आडोसा संपण्याआधी दहा-पंधरा मीटर तयार व्हायचं. पुढच्या कडेची झुडपं, कुठे लावलेला झेंडा, धूळ, हे सगळं आधी सांगत असतं.

हँडलला लावलेली पिशवी मी काढून टाकली. तिच्यावर आडवा वारा बसला की तो थेट चाक फिरवतो. सामान मागे, खाली आणि घट्ट बांधलेलं. रुंद कडांची दिसायला देखणी चाकं असतात, त्यातलं पुढचं चाक वाऱ्याच्या दिवशी नको, याच कारणासाठी. मागच्या चाकाने तेवढा फरक पडत नाही, ते वळत नाही ना.

हिशोबात सांगायचं तर आडवा वाराही नुसता ढकलत नाही, अडवतोही. मी वीसने जात असताना बरोबर काटकोनात वीसचा वारा असला, तर हवा अठ्ठावीसने आणि तिरकी लागते, आणि पुढे जायला होणारा हवेचा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. आडवा वारा आहे आणि तरी दम लागतोय, तर तब्येत बिघडलेली नाही.

अंदाज बघायची सवय लागली तशी मी दोन आकडे वेगळे वाचायला शिकले. एक सरासरी वारा, दुसरा झोतांचा कमाल वेग. समोरच्या वाऱ्यासाठी मी पहिला बघते, पुलासाठी दुसरा. अंदाजातला वारा दहा मीटर उंचीवरचा असतो, जमिनीजवळ थोडा कमी लागतो. पुलावर मात्र ती सूट धरत नाही. शिवाय सकाळी लवकर वारा बहुतेक वेळा मंद असतो. ऊन तापलं की जमिनीजवळची हवा वर जाते, वरची वेगवान हवा खाली मिसळते आणि दुपारी झोत वाढतात. आधी निघायला हे आणखी एक कारण.

आकडे नसतील तर झाडं आहेत. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याची मोजपट्टी केली, समुद्रासाठी. पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या, त्या मला पाठ आहेत. धूळ आणि कागद उडू लागले: ताशी २० ते २८ किलोमीटर. पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागली: २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात, तारा वाजतात: ३९ ते ४९. अख्खी झाडं हलतात, चालायला त्रास होतो: ५० ते ६१. तारा वाजायला लागल्या की मी पूल चालत पार करते. अख्खी झाडं हलत असतील तर सायकल घरी.

उतरून चालण्याचं मला आधी फार वाईट वाटायचं. मग वाचनात आलं की २०१५ साली बेल्जियममधल्या गेंट-वेव्हेलगेम शर्यतीत वाऱ्याने व्यावसायिक सायकलपटू रस्त्याकडेच्या चरात फेकले गेले, आणि सुमारे दोनशेपैकी फक्त ३९ जणांनी शर्यत पूर्ण केली. उलट नेदरलँड्समध्ये २०१३ पासून समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याचीच स्पर्धा होते, वादळी वारा सुटला तरच. एका समुद्री बांधावर, साध्या, बिनगिअरच्या सायकलींवर, साडेआठ किलोमीटर. तिथले लोक वाऱ्याची वाट बघतात. मी अजून तिथपर्यंत आलेले नाही.

पाठीच्या वाऱ्याबद्दल एकच सांगते: त्यात ब्रेक लवकर लावा. आपण किती वेगात आहोत ते कळत नाही, कारण कानाशी हवा शांत असते.

परवासाठी अंदाज झोत ४५ चा आहे, सकाळी पुलावर उजवीकडून. सामान मागे बांधून ठेवलंय, चिकटपट्टी जागेवर आहे, गजर अर्धा तास आधीचा लावलाय. पूल पायी, त्यापुढचं सायकलवर.