सीए-125 : 612

दिवसाला शंभरेक रिपोर्टांवर सही करताना पॅथॉलॉजिस्टचा हात सवयीने चालतो. त्या दुपारी मात्र माझा हात 612 या आकड्यापाशी थांबला. सीए-125 हे अंडाशयाच्या कर्करोगात रक्तात वाढणारे प्रथिन; त्याची वरची मर्यादा 35, आणि रुग्ण होती 24 वर्षांची अविवाहित मुलगी. पोटात पाणी, दोन्ही अंडाशयांच्या जागी गाठी, झपाट्याने उतरलेले वजन. सोनोग्राफीचे 3 गुण, पाळी चालू असल्याचा 1, त्यांना 612 ने गुणले की जोखमीचा निर्देशांक 1836 येतो. 200 च्या पुढे कर्करोगाचा संशय धरतात. मंगळवारच्या ऑपरेशनच्या यादीत तिचे नाव लागले होते आणि गरज पडल्यास दोन्ही अंडाशये काढण्याच्या संमतीवर सहीही झाली होती.

मी त्याच नमुन्यावर एचई-4 ही अंडाशयाच्या कर्करोगाचीच दुसरी चाचणी लावली. ते 48 आले, म्हणजे मर्यादेच्या आत. या वयात जननपेशींच्या गाठी आधी आठवाव्या लागतात, पण त्यांच्या रक्तातल्या खुणा, म्हणजे एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच, तिन्ही नॉर्मल होत्या. मग 612 कुठून आले? सीए-125 काही एकट्या अंडाशयाचे नाही. पोटाच्या आणि फुफ्फुसाच्या आवरणातल्या पेशीही ते बनवतात, त्यामुळे एंडोमेट्रिओसिसमध्ये, क्षयात, यकृताच्या विकाराने साचलेल्या पाण्यात, इतकेच काय, पाळीच्या दिवसांतही ते चढते. उलट पहिल्या टप्प्यातल्या कर्करोगात जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये ते वाढलेले नसते. (या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते.)

सर्जनना फोन केला. पोटात सुई घालायला ते तयार नव्हते, आणि त्यांचे कारण रास्त होते : कर्करोगाची गाठ फुटली तर पेशी पोटभर पसरतात. शेवटी गाठीला धक्का न लावता सोनोग्राफीखाली फक्त मोकळे पाणी काढायचे ठरले. त्यात बहुतेक लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) होते, कर्करोगाची एकही पेशी नव्हती आणि क्षयात वाढणारे एडीए हे एन्झाइम चढून 74 झाले होते. एवढ्यावर निदान ठरत नाही, म्हणून मंगळवारी पोट उघडण्याऐवजी दुर्बीण घातली. आवरणावर साबुदाण्यासारखे पांढरे दाणे विखुरले होते, आणि सोनोग्राफीत गाठी वाटल्या त्या एकमेकांना चिकटलेल्या आतड्यांत अन् नलिकांत कोंडलेल्या पाण्याच्या पिशव्या निघाल्या. फ्रोझन सेक्शनचा (ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासायचा) तुकडा काचेवर घेतला, तर क्षयाचे ओळखीचे चित्र : ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींचे पुंजके, मधोमध केसिएशन म्हणजे पनीरसारखा मृत भाग, कडेला लँगहान्स या मोठ्या पेशी. मी ऑपरेशन थिएटरमध्ये फोन करून 'क्षय' एवढेच सांगितले. अंडाशयांना कोणी हात लावला नाही.

बाहेर तिची आई रिपोर्ट घेऊन बसली होती. 612 खाली कोणीतरी लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. "डॉक्टरबाई, हा आकडा म्हणजे कॅन्सरच ना?" असे त्यांनी सोमवारी विचारले होते, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

क्षयाची औषधे सहा महिने चालली. शेवटच्या तपासणीत सीए-125 14 आले. तेव्हापासून, पोटात पाणी असलेल्या तरुण रुग्णाचे सीए-125 चढलेले दिसले की सही करण्याआधी मी रिपोर्टखाली एक ओळ टंकते : 'क्षयाची शक्यता तपासावी.'