कोलाचा एवढासा तुकडा

मी फार्मासिस्ट, राहते नायजेरियात, एनुगूला. त्यामुळे ओळखीची मंडळी हमखास विचारतात: कोलानटमध्ये, म्हणजे कोलाच्या झाडाच्या बीमध्ये, खरंच औषध आहे का? आहे. वाळलेल्या बीत साधारण २ ते ३ टक्के कॅफिन असतं, अरेबिका कॉफीच्या बियांपेक्षा जास्त. शिवाय थोडं थिओब्रोमिन, म्हणजे कॅफिनसारखंच सौम्य उत्तेजक, कारण हे झाड कोकोच्याच कुळातलं. पण इथली माणसं कोला कशी खातात, ते सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होत नाही.

इथल्या इग्बो लोकांच्या घरात पाहुणा आला की सगळ्यात आधी कोला पुढे येतो. लाकडी तबकात, सोबत शेंगदाण्याचं तिखट वाटण. घरातले वडीलधारे बी हातात धरून देवाला आणि पूर्वजांना आळवतात, तेही इग्बोतच; कोलाला इंग्रजी कळत नाही, असं इथे मानतात. मग बी फोडून पाकळ्या मोजायच्या. चार निघाल्या तर एके, ओरिए, आफो, न्क्वो हे चार दिवसांच्या इग्बो आठवड्याचे चारही बाजारवार पावले. या विधीला कोला अक्युमिनाटा ही जातच हवी, कारण व्यापारातल्या कोला निटिडा या जातीच्या बीच्या दोनच पाकळ्या होतात. बायकांनी कोला फोडायचा नाही, ही रीत मला खटकते आणि मी ते बोलूनही दाखवते. तबक मात्र माझ्यापर्यंत येतं. वाट्याला येतो नखाएवढा तुकडा, कारण दोन-तीन बियांत अख्खी बैठक भागवायची असते. मात्रा अशी वाटणीतच सांभाळली जाते, आणि या रीतीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

तुकडा आधी कडू-तुरट लागतो, जीभ आवळून धरतो. त्यावर पाणी प्यायलं की ते चक्क गोड लागतं! थकवा, मळमळ, डोकेदुखी यांवर म्हातारी माणसं तो चघळायला देतात. डोकेदुखीचं मला पटतं: कॅफिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून काही वेदनाशामक गोळ्यांतही ते घालतात. भूकही मरते. उत्तरेत हौसा लोक याला गोरो म्हणतात. दक्षिणेच्या जंगलपट्ट्यातून उत्तरेतल्या कानो शहरापर्यंत व्यापाऱ्यांनी तो शतकानुशतकं वाहून नेला, ओल्या पानांत गुंडाळून, कारण सुकला की त्याचा भाव पडतो. दारू निषिद्ध असलेल्या मुस्लिम समाजात तरतरीसाठी कोला चालतो.

काळजी वाटते ती एकट्याने खाणाऱ्यांची. रात्रभर ट्रक हाकणारे, परीक्षेला जागणारी मुलं अख्ख्या बिया चघळतात. छातीत धडधडतंय, झोप लागत नाही असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा कोलाचंच विचारते. रक्तदाब, अल्सर किंवा हृदयाचा त्रास असेल तर लांबच राहा. गरोदर बाईला मळमळीवर कोला देतात, तिथे मी स्पष्ट नको म्हणते. कोलाच्या अर्काच्या कॅप्सूलबद्दलही माझं हेच मत.

आणि खोकल्यावर, घशावर चघळतात तो बिटर कोला, म्हणजे गार्सिनिया कोला. ते झाडच निराळं, त्यामुळे वर लिहिलेलं त्याला लावू नका.