एक ट्रेड टाकायला दोन दिवस का लागतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. विचारणारे तुम्ही पहिले नाही. हाच प्रश्न मला डेस्कने, म्हणजे व्यवहार करणाऱ्यांनी, विचारला, रिस्कवाल्यांनी विचारला, ऑडिटला आलेल्यांनी विचारला, आणि नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक साहेबांनी पहिल्याच महिन्यात विचारला. "व्यवहार फोनवर दोन मिनिटांत ठरतो. तो सिस्टीममध्ये टाकायला तुला दोन दिवस का लागतात? रकानेच तर भरायचे असतात." मी दर वेळी "संध्याकाळपर्यंत करते" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट उत्तर देते.

स्वॉप म्हणजे ठरलेल्या रकमेवर एकाने स्थिर दराने आणि दुसऱ्याने बाजाराप्रमाणे बदलत्या दराने व्याज द्यायचा करार, हे तुम्हाला सांगायला नको. पण दोन मिनिटांत फोनवर तुम्ही काय ठरवता ते जरा आठवा: रक्कम, मुदत, दर आणि आपण देणार की घेणार. चार गोष्टी. सिस्टीम मला विचारते चाळीसेक. दिवस कसे मोजायचे? सुट्ट्यांचं कॅलेंडर कुठलं, एका देशाचं की दोघांचं मिळून? हप्त्याची तारीख सुट्टीवर आली तर पुढे ढकलायची का, आणि ढकलल्यावर महिना ओलांडत असेल तर मागे आणायची का? मुदत हप्त्यांमध्ये पूर्ण बसत नसेल तर तुटका हप्ता सुरुवातीला घ्यायचा की शेवटी? फ्लोटिंग लेगचा, म्हणजे बदलत्या दराच्या बाजूचा, हप्ता कालावधी संपल्यावर किती दिवसांनी द्यायचा? यातलं तुम्ही फोनवर काहीच बोललेले नसता. "नेहमीसारखं" एवढंच म्हटलेलं असतं.

नेहमीसारखं म्हणजे काय, याची किंमत सांगते. दहा कोटी डॉलरवर ३ टक्के स्थिर दर. महिना तीस दिवसांचा धरून वर्ष ३६० दिवसांचं मोजलं तर वर्षाचं व्याज होतं तीस लाख. प्रत्यक्ष दिवस मोजून ३६० ने भागलं तर तेच होतं ३० लाख ४१ हजार ६६७. रकान्यातला एक पर्याय चुकला की वर्षाला एक्केचाळीस हजारांवर डॉलरचा फरक, आणि तो मुदत संपेपर्यंत दर वर्षी. म्हणून मी मेल टाकते. त्या दोन दिवसांतला बराचसा वेळ माझ्या मेलचं उत्तर यायची वाट बघण्यात जातो. हे मी आजवर तोंडावर बोलले नव्हते.

शिवाय काम पूर्वीपेक्षा वाढलेलं आहे. तीन महिन्यांच्या लायबॉरवर, म्हणजे बँकांनी एकमेकांना कर्ज देण्याच्या अंदाजे दरावर, असताना एका हप्त्याला एक दर लागायचा आणि तो सुरुवातीलाच कळायचा. बँकांच्या पॅनलवर चालणारा डॉलर लायबॉर ३० जून २०२३ नंतर बंद झाला. आता सोफर, म्हणजे अमेरिकी सरकारी रोख्यांच्या तारणावरच्या एका रात्रीच्या कर्जाचा दर, रोजच्या रोज चक्रवाढीने मोजायचा, म्हणजे त्याच तीन महिन्यांसाठी साठेक दिवसांचे दर हवेत. मधला एक दर भरायचा राहिला तर ट्रेडचं मूल्य निघत नाही. किंवा कोणीतरी केलेल्या सेटिंगमुळे आदल्या दिवसाचा दर गुपचूप वापरला जातो, आणि ते जास्त वाईट. जुन्या ट्रेडचं तर प्रत्येकाचं कन्फर्मेशन, म्हणजे व्यवहाराच्या अटींचा लेखी कागद, पुन्हा काढून बघावं लागलं. फॉलबॅकची, म्हणजे दर बंद पडल्यास त्याच्या जागी काय वापरायचं याची, कलमं कुठे लागू आहेत, कुठे नाहीत, आणि जिथे आहेत तिथे तीन महिन्यांच्या लायबॉरच्या जागी सोफर अधिक ०.२६१६१ टक्के. पाच दशांश स्थळं. त्या काळात कोणी मला "रकानेच तर भरायचे" म्हटलं असतं तर मी तिथेच रडले असते.

पोर्टफोलिओचंही तसंच. तुमच्या दृष्टीने पोर्टफोलिओ म्हणजे एक नाव आणि खाली ट्रेडची यादी. माझ्या दृष्टीने प्रत्येक ट्रेड दोन ठिकाणी राहतो: एक तुमच्या बुकात, म्हणजे डेस्कच्या व्यवहारांच्या वहीत, आणि दुसरा कायद्याच्या दृष्टीने ज्या कराराखाली आहे त्या नेटिंग सेटमध्ये, म्हणजे येणं-देणं एकमेकांतून वजा करता येतं अशा ट्रेडच्या गटात. एकाच काउंटरपार्टीशी, म्हणजे समोरच्या पक्षाशी, एका ट्रेडमध्ये आपलं पन्नास लाखांचं येणं आहे आणि दुसऱ्यात पंचेचाळीस लाखांचं देणं आहे, असं समजा. दोन्ही एका नेटिंग सेटमध्ये असतील तर ती बुडाल्यास आपली जोखीम पाच लाखांची. चुकून दोन वेगळ्या सेटमध्ये पडले तर पन्नास लाखांची. ट्रेड तेच, बाजारभाव तेच. बदललं फक्त एका रकान्यातलं नाव. आणि ही नावं फसवी असतात. मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्या नावात शेवटच्या एका शब्दाचा फरक असतो, तारणाचा करार एकीशी असतो आणि व्यवहार दुसरीशी झालेला असतो. तारण कुठल्या चलनात घ्यायचं यावर कुठल्या कर्व्हने, म्हणजे वेगवेगळ्या मुदतींच्या दरांच्या रेषेने, डिस्काउंट करायचं (पुढच्या पैशांची आजची किंमत काढायची) ते ठरतं, म्हणजे नाव चुकलं की मूल्यही चुकतं. सहीचं पान बघितल्याशिवाय मी ते नाव भरत नाही.

पण हे सगळं मी आज इतकं ठामपणे सांगते आहे, तशी मी कायम नव्हते. मी वेगवान होते. दिवसाला चाळीस ट्रेड टाकायचे आणि मला त्याचा अभिमान होता. पद्धत सोपी होती. त्याच काउंटरपार्टीचा जुना ट्रेड उघडायचा, त्याची प्रत काढायची, तारखा, दर आणि रक्कम बदलायची, सेव्ह. कॅलेंडर, दिवस मोजायची पद्धत, नेटिंग सेट सगळं आधीच्या बरोबर निघालेल्या ट्रेडमधून येतं, त्यामुळे चुका कमी होतात असं माझं म्हणणं होतं. नव्यांनाही मी हेच शिकवलं.

मग तो ट्रेड आला. दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा. बुकात आधी एक मोठा स्वॉप होता, त्यात आपण स्थिर दर घेत होतो. त्याला तोल म्हणून हा नवा. यात आपण स्थिर दर देणार. कन्फर्मेशनमध्ये लिहिलं होतं: स्थिर दर देणार, पार्टी बी. त्या काउंटरपार्टीची आधीची सहा कन्फर्मेशनं मी टाकलेली होती आणि सहाही वेळा पार्टी ए म्हणजे आपण होतो. हे सातवं त्यांच्या दुसऱ्या ऑफिसने तयार केलं होतं आणि त्यात पार्टी ए ते होते. पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं. मी तो परिच्छेद वाचला नाही. पार्टी बी देणार म्हणजे ते देणार, आपण घेणार, असं धरून मी जुन्या ट्रेडची प्रत काढली. जुन्यातही आपण घेणारेच होतो, त्यामुळे दिशेचा रकाना बदलायचीसुद्धा गरज पडली नाही.

दुसऱ्या व्यक्तीने तपासायचं असतं, तसं तपासलं गेलं. तिने रक्कम बघितली, दर बघितला, तारखा बघितल्या, आणि दिशा बघताना जुन्या सहा ट्रेडशी ताडून पाहिली. तिला मी दोष देत नाही. तसं ताडून बघायला तिला मीच शिकवलं होतं.

आता ऐका, कारण मला समजून घ्यायचं असेल तर एवढं एकच समजून घ्या. बाजारभावाने केलेल्या स्वॉपचं पहिल्या दिवशीचं मूल्य जवळपास शून्य असतं. शून्याचं चिन्ह उलटं केलं तरी शून्यच राहतं. म्हणजे दिशा पूर्ण उलटी असली तरी पहिल्या दिवशीच्या मूल्यात ती दिसत नाही, आणि आमची सगळी तपासणी पहिल्या दिवशीच्या मूल्यावर होती. सिस्टीमने दाखवलं, अधिक १,४०० डॉलर. काउंटरपार्टीच्या पत्रकात होतं, अधिक १,९००. दहा कोटींवर हा फरक काहीच नाही. मर्यादेच्या कितीतरी आत. मी मंजूर केलं.

अधिक आणि अधिक. ते पत्रक त्यांच्या बाजूने लिहिलेलं असतं. त्यांना जे अधिक, ते आपल्याला उणे असायला हवं. एकाच व्यवहारात समोरासमोर बसलेल्या दोघांनाही फायदा कसा दिसेल? आणि मला ते दिसलं होतं. हे मी त्या वेळच्या बैठकीत सांगितलं नाही, आज सांगते. मी त्या दोन चिन्हांकडे बघितलं, थांबले, आणि मनाशी म्हटलं की आकडा शून्याजवळचा आहे, त्यांचा कर्व्ह आणि आपला कर्व्ह यात थोडा फरक असणारच. ते स्पष्टीकरण खोटंही नव्हतं. तसं खरोखर होतं, महिन्यातून कित्येकदा होतं. त्या दिवशी बाहेर सहा ट्रेड वाट बघत होते.

ज्यांनी तो व्यवहार केला होता ते सुट्टीवर गेले. त्यांच्या जागी बसलेल्याने चौथ्या दिवशी रिस्कचा रिपोर्ट बघितला. अशा एका ट्रेडचं डीव्ही०१, म्हणजे दर एका बेसिस पॉइंटने (०.०१ टक्क्याने) हलला तर मूल्यात पडणारा फरक, साधारण ८५ हजार डॉलर असतो. दोन्ही ट्रेड मिळून तो शून्याजवळ हवा होता. स्क्रीनवर दिसत होता एक लाख सत्तर हजार. त्याला वाटलं, बुक उघडं पडलं आहे. त्याने आणखी दहा कोटींचा स्वॉप केला, स्थिर दर देणारा, निम्मी जोखीम तरी कमी व्हावी म्हणून. त्याने स्क्रीनवर विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा, आम्ही तो आकडा त्यासाठीच देतो. प्रत्यक्षात बुकाचा तोल आधीच सांभाळलेला होता आणि नव्या स्वॉपने तो बिघडला. सुट्टीवरचे गृहस्थ परत आल्यावर पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं. तोवर दर सहा बेसिस पॉइंटने खाली आले होते. नवा स्वॉप मोडायला पाच लाख डॉलरवर खर्च आला.

तोपर्यंत मी समजत होते की आमच्या चुका कागदावरच्या असतात. मूल्य चुकलं, दुरुस्त केलं, झालं. तो आकडा वाचून कोणीतरी खरा व्यवहार करतं, हे मला ठाऊक होतं, पण तोवर कधी अंगावर आलं नव्हतं. बैठकीत मी स्वतःचा बचाव केला. कन्फर्मेशनची मांडणी न कळवता बदलली, असं म्हणाले. आजही मला वाटतं की ते खरं होतं. आणि पहिला परिच्छेद मी वाचला नव्हता, हेही खरंच होतं.

त्यानंतर वर्षभर मी एकाही ट्रेडची प्रत काढली नाही. प्रत्येक रकाना कन्फर्मेशन समोर ठेवून हाताने भरला. आधीची वेगवान मी म्हणाली असती, बघ, वेळ तिप्पट लागतोय. आणि तिचं दुसरंही म्हणणं खरं ठरलं: त्याच वर्षी हाताने भरताना मी दिवस मोजायची पद्धत चुकवली. वर लिहिलेला एक्केचाळीस हजारांचा हिशेब कल्पनेतला नाही. पहिला वार्षिक हप्ता जमा व्हायच्या वेळी तो सापडला. जुन्या ट्रेडची प्रत काढली असती तर ती चूक झालीच नसती. मग प्रत काढायची की नाही? मला आजही ठरवता आलेलं नाही. सध्या मी प्रत काढते, पण दिशा, काउंटरपार्टी आणि नेटिंग सेट हे तीन रकाने आधी रिकामे करते. हे तीनच का, चौथा का नाही, याचं माझ्याकडे पटण्यासारखं उत्तर नाही. हे तीन मला एकदा तरी भोवले आहेत, एवढंच.

आणखी दोन गोष्टी करते. मूल्य बघायच्या आधी सगळा कर्व्ह एका बेसिस पॉइंटने वर सरकवून बघते, की आपलं मूल्य वाढतं की घटतं. स्थिर दर देत असू तर वाढलं पाहिजे. पहिल्या दिवशी दिशा सांगणारा याच्याइतका साधा उपाय मला माहीत नाही, आणि त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि रोज सकाळी ओळी मोजते. फाइलमध्ये १,२०० ट्रेड पाठवले आणि निकालात १,१९७ आले, तर तीन ट्रेड सिस्टीममध्ये उभेच राहिलेले नसतात, म्हणजे मोजलेच गेलेले नसतात. सिस्टीम त्यांची नोंद लॉगमध्ये करते आणि पुढे जाते. एकूण बेरीज मात्र नेहमीसारखीच नीटनेटकी दिसते.

हे सगळं मशीनला का देत नाही, असंही तुम्ही विचारता. कन्फर्मेशन थेट वाचून ट्रेड बुक करणारी व्यवस्था आली तर मी अडवणार नाही. त्या सातव्या कन्फर्मेशनचा पहिला परिच्छेद तिने बहुधा वाचला असता. पण "नेहमीसारखं" याचा अर्थ काय, हे तिलाही कोणाला तरी विचारावं लागेल, आणि तिच्या मेललाही तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारीच उत्तर द्याल.

परवा तुम्ही पाठवलेला ट्रेड माझ्याकडे अडकलेला आहे, हे मला माहीत आहे. टर्मशीटवर, म्हणजे ठरलेल्या अटींच्या कागदावर, मूळ कंपनीचं नाव आहे आणि सहीच्या पानावर उपकंपनीचं. मी दोनदा मेल टाकला आहे. उत्तर येईपर्यंत तो ट्रेड मी टाकणार नाही.