तुम्ही विचारलंत म्हणून : रेल्वेची बस घरी का आणली नाही

संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर फेऱ्या मारणाऱ्या आमच्या मंडळींत नवा माणूस आला की कोणीतरी माझी ओळख ‘हे रेल्वेच्या जुन्या बस शोधतात’ अशी करून देतो, आणि मग ठरलेले दोन प्रश्न येतात. पहिला, “काका, रेल्वेची कधी बस असते का?” आणि दुसरा, “एवढी हौस आहे, तर एखादी जुनी बस घेऊन जपून का ठेवत नाही?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी चालता चालता देऊ शकतो. दुसऱ्याला तलावाची एक फेरी पुरत नाही, म्हणून दोन्ही उत्तरे एकदा लिहून काढत आहे.

ठाणेकराला रेल्वे म्हटले की १६ एप्रिल १८५३ हा दिवस आठवतो. बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी त्या दिवशी आपल्या गावात आली. परंतु ज्याला स्थानकापासून आणखी दहा कोस जायचे आहे, किंवा ज्याचे पोते फलाटावर उतरवले आहे, त्याच्या दृष्टीने रेल्वे तिथेच संपते आणि पुढे बैलगाडी सुरू होते. हा शेवटचा तुकडा जगभरच्या रेल्वे कंपन्यांना सलत होता, आणि त्यातूनच रेल्वेच्या मालकीची रस्त्यावरची वाहने आली.

इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १७ ऑगस्ट १९०३ रोजी कॉर्नवॉलमधील हेल्स्टन स्थानकापासून लिझार्ड गावापर्यंत मोटारबस सुरू केली. तिथे लोहमार्गाचा फाटा नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून मिल्न्स-डेमलर बनावटीच्या गाड्या आणल्या, आणि त्याही दुसऱ्या एका छोट्या रेल्वेच्या जोडसेवेत आधी वापरलेल्या. मालाच्या बाजूला तर रेल्वे कंपन्यांच्या तबेल्यांत हजारो घोडे होते. ते हटवण्यासाठी १९३०च्या दशकात स्कॅमेल कंपनीने तीन चाकांचा एक छोटा ट्रॅक्टर काढला, ज्याला ‘मेकॅनिकल हॉर्स’, म्हणजे सरळ यांत्रिक घोडाच, म्हणत. पुढे एकच चाक असल्यामुळे तो मालधक्क्याच्या अरुंद आवारात जागच्या जागी वळे, आणि मागचा ट्रेलर आपोआप जोडला व सोडला जात असल्याने एक ट्रेलर भरत असताना तोच ट्रॅक्टर दुसरा पोहोचवून येई. मला विचाराल तर रेल्वेच्या रस्त्यावरील वाहनांत याच्याइतके नेटके यंत्र दुसरे नाही.

आपल्याकडची गोष्ट मात्र मला अधिक जवळची आहे. निजामाच्या सरकारने १९३०मध्ये आपल्या राज्यातील रेल्वे ताब्यात घेतली, आणि १९३२च्या जूनमध्ये त्या रेल्वेने स्वतःचा रस्ता वाहतूक विभाग उघडला. सुरुवातीला २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. खाजगी मोटारवाले रेल्वेचे उतारू पळवत असल्याची तक्रार त्या काळी देशभर होती. ब्रिटिश हिंदुस्थानात मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी त्याच सुमारास रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेची चौकशीही केली. हैदराबादने चौकशीच्या फंदात न पडता थेट स्वतःच्या गाड्या रस्त्यावर आणल्या. त्या बसच्या क्रमांकांत एचवाय या अक्षरांपुढे झेड असे, आणि तो निजामाच्या आईच्या, झेहरा बेगम यांच्या, नावावरून आल्याचे सांगतात. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, हे ठाण्यात सांगितले की लोकांना एकदम उलगडा होतो.

माझे आजोबा तेव्हाच्या औरंगाबादला याच विभागात आधी क्लीनर आणि नंतर चालक होते. त्यांच्या बोलण्यात ‘एसटी’ हा शब्द उशिरा आला; त्यांच्यासाठी ती कायम ‘रेल्वेची मोटार’ होती. गाडी स्थानकावर येण्याआधी बस येऊन उभी पाहिजे आणि गाडी उशिरा आली तर बसनेही थांबले पाहिजे, हा नियम ते आम्हा मुलांना एखाद्या व्रतासारखा सांगत. पुढे संस्थान गेले, रेल्वे केंद्राकडे गेली, १९५१मध्ये बस विभाग रेल्वेपासून तुटून राज्य सरकारकडे आला आणि भाषावार प्रांतरचनेनंतर मराठवाड्यातल्या गाड्या आपल्याकडे आल्या. तरीही धागा पूर्ण तुटला नाही, कारण १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली स्थापन झालेल्या महामंडळांच्या भांडवलात केंद्राचा वाटा रेल्वेच्या हातून येत असे. आपल्या लाल एसटीतही काही काळ रेल्वेचा पैसा होता, असे मी म्हणतो तेव्हा तलावपाळीवर निम्मे लोक हसतात.

मग त्या गाड्या गेल्या कुठे? पहिल्या ताफ्यात ज्या बनावटीच्या गाड्या होत्या, त्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची १९३२ची एक बस हैदराबादला जपलेली आहे आणि तिचे नाव ‘डेक्कन क्वीन’ आहे. ठाण्यावरून रोज धडधडत जाणाऱ्या गाडीचे नाव बसला दिलेले पाहून मला पहिल्यांदा फसवणूक झाल्यासारखे वाटले होते. दुसरे वाहन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे: जॉन मॉरिस कंपनीचा १९१४चा आगीचा बंब, तोही निजामाच्या रेल्वेचाच. हा बंब आजही चालतो आणि जुन्या मोटारींच्या मिरवणुकीत भाग घेतो.

बंब वाचला आणि बस गेल्या, यात मला नशिबाचा भाग थोडा आणि धंद्याचा भाग फार दिसतो. मी वागळे इस्टेटमधील बसची बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षे काढली, त्यामुळे हे जवळून पाहिले आहे. बंब वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडतो, बाकीचे दिवस छपराखाली उभा असतो आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या कोणत्याही गाडीच्या उपयोगाचे नसतात. वाफेच्या इंजिनाचेही थोडेफार तसेच: ते इतके अवजड असते की मोडीत काढण्यापेक्षा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे करणे सोपे. बसचे उलट आहे. तिचा गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, पाटे, रेडिएटर, सीटा, अगदी खिडकीची सरकती काचसुद्धा दुसऱ्या कोणत्यातरी गाडीला बसते. आगारात एक गाडी बंद पडली की बाकीच्या दहा तिच्यावर जगतात, आणि आठवड्याभरात ती ठोकळ्यांवर उभा असलेला सांगाडा होते. बस म्हातारी होऊन मरत नाही. उपयोगी असते म्हणून मरते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. साधारण वीस वर्षांपूर्वी कळंबोलीच्या बाजूला भंगाराच्या एका आवारात टाटा-मर्सिडीजच्या चेसिसवरची, म्हणजे खालच्या पोलादी चौकटीवरची, पुढे इंजिनाचे नाक आलेली बस मला दिसली. ती रेल्वेची नव्हती, परंतु तिचा सांगाडा सागवानाचा होता, बोनेटची जाळी शाबूत होती, आणि असली बस पुन्हा दिसणार नाही हे मला कळत होते. मी विसार दिला आणि उरलेले पैसे व जागा यांची सोय करायला आठ दिवस मागितले. आठ दिवसांनी गेलो तेव्हा गिअरबॉक्स एका पाण्याच्या टँकरला गेला होता, सीटा एका खानावळीत पोहोचल्या होत्या आणि बाजूचे अॅल्युमिनियमचे पत्रे वजनावर विकले गेले होते. मालक काही लबाड नव्हता. “साहेब, बस तुमचीच आहे,” तो म्हणाला, “गिऱ्हाईक येत गेलं तसं सामान गेलं.” त्याने विसार परत केला, वर चहाही पाजला. बोनेटची जाळी तेवढी मी घेऊन आलो. ती आमच्या गॅलरीत आहे आणि तिच्यावर सध्या गोकर्णाचा वेल चढला आहे.

समजा, तेव्हा बस हाती लागली असती, तरी पुढे काय, हा प्रश्न होताच. केंद्र सरकारने २०२१मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, क्रमांकात व्हीए ही अक्षरे, आणि प्रदर्शन, मिरवणूक, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर येण्याची मुभा. ही चांगली गोष्ट झाली, पण ती दुचाकी आणि खाजगी वापराच्या लहान मोटारींसाठी. बस त्या व्याख्येत बसतच नाही. उलट १ एप्रिल २०२३पासून सरकारी आणि सार्वजनिक परिवहन उपक्रमांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी संपते आणि ती अधिकृत केंद्रात मोडीत काढावी लागतात. धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून हटवली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. माझी तक्रार एवढीच, की हजारांतली एक बाजूला काढून ठेवण्यासाठी दार ठेवलेले दिसत नाही. १९३७पासून मुंबईत धावणाऱ्या डबलडेकरांपैकी डिझेलची शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली, तेव्हा एखादी तरी संग्रहालयासाठी राखा, असे प्रवाशांना मागावे लागले.

जागेचे म्हणाल, तर बस सुमारे दहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असते. आमच्या सोसायटीतली मोटार उभी करण्याची जागा पाच मीटरची. म्हणजे माझ्या जागेत अर्धी बस मावेल, आणि उरलेली अर्धी शेजारच्या कुलकर्ण्यांच्या जागेत. कुलकर्णी सज्जन आहेत, पण इतके नाहीत. उघड्यावर ठेवावी तर ठाण्याचा पाऊस आणि खाडीवरची खारी हवा आहे. जुन्या बसमध्ये बाहेरून सर्व ठीक दिसते आणि आतून मात्र बॉडीचे उभे खांब गाडीच्या तळाला जिथे मिळतात तिथे लाकूड कुजत असते, कारण पत्र्याच्या आत शिरलेले पाणी तिथेच साचते. अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या खिळ्याने जोडला असेल, तर त्या दोन धातूंच्या मध्ये ओल जाताच खिळ्याभोवती पांढरी भुकटी धरते आणि पत्रा सुटू लागतो. बॉडी बांधताना आम्ही दोहोंच्या मध्ये रंगाचा थर किंवा पट्टी देत असू. घाईत बांधलेल्या गाडीत ती गाळलेली असे, आणि पाचव्या पावसाळ्यात कळे. इंजिनाचे मला भय नाही. गॅस्केट कापून करता येते, पंप दुरुस्त होतो. टायर मात्र मिळत नाही, आणि ब्रेकमधले रबर उभ्या उभ्या चिरते.

जिची डागडुजी झाली आहे अशा बसही मी पाहिल्या, आणि त्यांतल्या काहींनी मला खिन्न केले. नवा चकाकता रंग, गुबगुबीत सीटा, छताला शोभेचे दिवे. चढताना हजारो हातांनी गुळगुळीत झालेला दांडा तेवढा काढून टाकलेला. बदललेला भाग बदललेला दिसावा, असे माझे मत आहे. नवे लाकूड बसवले तर आतल्या बाजूला बदलल्याचे वर्ष कोरावे आणि जुना दांडा जागेवर राहू द्यावा.

आता एक बस माझ्या नजरेत आहे. मुरबाडच्या पुढे एका शेताच्या बांधाला जुन्या एसटीची नुसती बॉडी आहे. चेसिस नाही, चाके नाहीत, पण खांब उभे आहेत आणि चालकामागची जाळी जागेवर आहे. चाके नसल्यामुळे तिला भंगारवाला नेत नाही, आणि आत पेंढा ठेवता येतो म्हणून मालकीण तिला मोडू देत नाही. चार वर्षांपूर्वी मी धीर करून विचारले, “मावशी, ही मला द्याल का?” त्यांनी पेंढ्याच्या गंजीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “देईन की, पण हा कुठं ठेवू?” मी पत्र्याची शेड घालून द्यायची तयारी दाखवली. शेडीत उंदीर येतात, गाडीत येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून दरवर्षी मे अखेरीस मी ठाण्याहून मुरबाडची एसटी पकडून तिथे जातो, टपावर नवी ताडपत्री ओढतो, खांबांच्या बुडाशी साचलेला गाळ काढतो आणि दोन खांबांची मापे वहीत उतरवून घेतो. बावीसपैकी आठ झाले आहेत. यंदा मावशींच्या नातवाने ताडपत्रीचे दुसरे टोक धरले आणि विचारले, “आजोबा, ही रेल्वेची होती का?”

“नाही रे,” मी म्हणालो, “पण माझ्या आजोबांकडे रेल्वेची होती,” आणि दोरी बांधता बांधता त्याला हेल्स्टनपासून सांगायला सुरुवात केली.