तिसरी शिट्टी

दुपारी पावणेबाराला कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दारात एक पोरगा येऊन उभा राहिला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. म्हणाला, ‘आंटी, तो कुकर पाच मिनिटं बंद कराल का प्लीज? साऊंडमध्ये येतोय.’

पोरगा नम्र होता, हीच पंचाईत. उर्मट असता तर भांडता आलं असतं. मी निमूट गॅस बंद केला.

आता ज्यांच्या घरी रोज तुरीची डाळ शिजते त्यांना सांगायला नको, की दोन शिट्ट्या म्हणजे काहीच नव्हे. डाळ जी डाळ होते ती तिसरीला. मग दोन शिट्ट्यांवर विझवलेला गॅस अर्ध्या तासानं पुन्हा पेटवला, तर पुढची शिट्टी तिसरी धरायची की पहिली? माझी आई तिसरी धरायची. सासूबाई पहिली धरायच्या, आणि त्यांच्या वरणाचा पार लगदा व्हायचा. मला मात्र शिट्ट्या मोजल्याशिवाय स्वयंपाक केल्यासारखंच वाटत नाही. मोजताना कुणी बोललं तरी मी बोट वर करून त्याला थांबवते. त्यामुळे गॅस बंद करून मी ओट्याशी उभी राहिले, मनात ‘दोन, दोन, दोन’ घोकत.

बाहेर कुणीतरी ओरडलं, ‘सायलेन्स!’ आणि आमची आळी बंद पडली.

बंद पडली म्हणजे खरोखर बंद. समोरच्यांचा मिक्सर थांबला. कोपऱ्यावरच्या सुताराचा रंधा थांबला. पिठाची गिरणी तर सकाळीच गप्प केली होती. आळीतल्या दोन कुत्र्यांसाठी वेगळा माणूस नेमला होता. तो पायरीवर बसून त्यांना एकेक बिस्कीट घालत होता, म्हणजे तोंड चालू राहील आणि आवाज बंद. एवढ्या मोठ्या युनिटमध्ये मला तेवढं एकच काम जमण्यासारखं वाटलं.

कावळ्यांचं मात्र कुणालाच काही करता आलं नाही.

पूर्वी एवढा जाच नसायचा. माझ्या लहानपणी शूटिंग आलं की गर्दी आवरायला दोरी बांधत, बाकी आपण काय बोलतोय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. नट-नट्यांचे आवाज मागाहून मुंबईच्या स्टुडिओत भरले जात. हिरॉइन घाटावर डोळे पुसत असताना शेजारी खुशाल मिरच्या कांडाव्यात. आता आवाजही जागच्या जागी घेतात. त्यामुळे पूर्वी ते आपली जागा वापरून जायचे, आता आपला आवाजही ठेवून घेतात. आणि जनरेटरची गाडी लांब लावावी लागते म्हणून दोन-दोन आळ्यांमधून जाडजूड केबली टाकून ठेवतात. त्यांवरून मामंजींना हात धरून पलीकडे न्यायचं म्हणजे पुराच्या पाण्यातून नेल्यासारखं.

तुम्ही म्हणाल, वाईत राहता आणि शूटिंगची तक्रार करता? खरं आहे. आमच्या गावाला आता सगळ्याचीच सवय झालीय. गेली कित्येक वर्षं वाई भलतंच कुठलंतरी गाव होऊन पडद्यावर येते. ‘गंगाजल’मध्ये (२००३) ती बिहारातलं तेजपूर झाली. पुढच्याच वर्षी ‘स्वदेस’साठी इथून तीनेक किलोमीटरवरचं मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट सगळ्या देशानं पाहिला, पण किती जणांना कळलं की पायऱ्यांना लागलेलं ते पाणी कृष्णेचं आहे? दक्षिण काशी म्हणवून घेण्याची हौस आपल्यालाच होती, मग गंगेचं काम करावं लागलं तर कृष्णाबाईनं तक्रार कुणाकडे करायची? आमच्या परसात पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून एक पत्रा आहे. त्यावर ‘प्राथमिक विद्यालय’ असं लिहिलंय, खाली जिल्ह्याच्या नावातलं नुसतं ‘पुर’ उरलंय, तेही ऱ्हस्व. कुठल्या शूटिंगचा, कुणी आणला, कुणालाच आठवत नाही. झाकण मात्र बरोब्बर बसतं.

सोंग घेण्यात आमचं पाणी जुनंच म्हणा. मेणवलीच्या घाटावर जी मोठी घंटा टांगलीय ती मुळात चर्चची. अंगावर १७०७ साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या स्वारीतून ती आली. म्हणजे दोनशेच्या वर वर्षं ती देवळातल्या घंटेचं काम करतेय, एकही रीटेक न घेता.

तर आजीचं लुगडं.

माझं माहेर आणि सासर दोन्ही वाईतच, मध्ये दोन आळ्या. माहेरचा वाडा जुना, पुढं माडी, माडीला लाकडी कठडा. मी चौथीत असताना, वार्षिक परीक्षा नुकतीच संपली होती, तेव्हा आमच्या आळीत एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं. आमच्या दारात काही घडणार नव्हतं. हिरो बोळातून धावत जाणार, मागून चार गुंड, एवढंच. आजीनं नेहमीप्रमाणे नदीवर धुणं धुतलं, इरकली लुगडं कठड्यावर वाळत टाकलं आणि ती खाली डाळ निवडायला बसली. हिरो दिवसभर धावला. संध्याकाळी सगळे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला टोपी आणि हातात वही असलेला एक माणूस आमच्या अंगणात आला. वर माडीकडे बघितलं, वहीत बघितलं, परत वर बघितलं.

‘आजी, काल तिथं एक लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं.’

‘मग?’

‘ते आजपण तिथंच पाहिजे. हिरोचं धावणं अर्धं राहिलंय. पिक्चरमध्ये ती कालचीच दुपार आहे.’

आजीनं सूप खाली ठेवलं. ‘म्हणजे तुमची कालची दुपार संपली नाही होय अजून?’

‘नाही ना, आजी.’

‘आमची संपली. ते लुगडं मी नेसलेय.’

माणसानं आजीकडे नीट बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. आजीच्या अंगावर त्याची दुपार होती. मग तो गेला आणि आणखी दोघांना घेऊन आला. तिघं हात जोडून उभे. आजीचं मन विरघळलं असावं, कारण ती आत गेली, दुसरं लुगडं नेसून आली आणि हिरवं त्यांच्या पुढ्यात धरलं. पण नुसतं लुगडं असून भागेना. काल ते ओलं होतं, काठावरून पाणी गळत होतं. एकानं बादली आणली आणि तो लुगड्यावर पाणी ओतणार, एवढ्यात आजीनं त्याचा हात धरला.

‘अंगावरचं उतरवलेलं लुगडं नुसतं भिजवून वाळत घालू? सगळ्या गावाला दिसणार ना ते? लोक काय म्हणतील, हिला धुवायचा आळस?’

‘अहो आजी, धुतलंय की नाही ते पिक्चरमध्ये कळत नाही.’

‘मला कळतं ना.’

आणि आजी लुगडं घेऊन घाटाच्या वाटेला लागली. मागून मी, माझ्या मागून तो टोपीवाला. तिनं पायरीवर लुगडं पसरलं, साबण लावला, आपटलं, तीन पाण्यांतून काढलं, पिळलं. परतताना वाटेत देवळाशी थांबून नमस्कार केला. तासभर गेला असेल. तेवढा वेळ हिरो आमच्या ओसरीवर बसून शेंगा खात होता, चारही गुंड त्याच्याजवळ, आणि कॅमेरा छत्रीखाली. शूटिंग आळीसाठी थांबलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

असं तीन दिवस चाललं. त्यांची दुपार काही संपेना आणि आजी रोज तेच लुगडं धूत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनंच टोपीवाल्याला सांगितलं, ‘रंग उतरायला लागलाय बरं का. काय पळायचं ते आजच पळून घ्या म्हणावं त्याला.’ पॅकअप झाल्यावर त्यांनी आजीला नारळ आणि साडी दिली. साडी चांगली भारी होती, पण पाचवारी. नऊवारी नेसणाऱ्या बाईनं ती काय करायची? ती आत्यानं नेली.

सिनेमा गावात लागला तेव्हा आम्ही घरचे अकरा जण गेलो. आजी आयुष्यात तिसऱ्यांदा थिएटरात आली असेल. हिरो धावायला लागला तसे आम्ही सगळे सरसावून बसलो. ‘लुगडं’ हा शब्द म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ ते दिसलं, तेही हिरोच्या कानामागं, पुसट. आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजी काही बोलली नाही. घरी येताना रस्त्यात म्हणाली, ‘एका ठिकाणी काठ उलटा पडला होता.’

दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट सांगतात. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) वेळी मंडळी बाहेरच्या चित्रीकरणासाठी वांगणीला उतरली. ढाली-तलवारी घेतलेली ही माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. पाटलाकडे वर्दी गेली आणि सगळ्यांना धरून ठेवलं. फाळके मागाहून आले, कॅमेरा दाखवून समजूत घातली, तेव्हा कुठं सुटका झाली. मला त्या गावकऱ्यांबद्दल फार आदर वाटतो. आम्ही लगेच चहा विचारतो.

अर्थात आळीत सगळेच माझ्यासारखे कुरकुरे नाहीत. टेंपोवाले, लॉजवाले, डबे करून देणाऱ्या बायका, गर्दीत उभं राहायला जाणारी पोरं, कितीतरी घरं यावर चालतात, आणि मी काही बोलले की ‘तुम्हाला काय होतंय, तुमची पेन्शन आहे’ हे उत्तर तयार असतं. बरोबरही आहे ते. माझं म्हणणं इतकंच, की भाडं ज्याच्या वाड्यात शूटिंग त्याला मिळतं आणि गप्प मात्र समोरच्यानं बसायचं. शिवाय ती ‘पाच मिनिटं’. पाच मिनिटं म्हणजे किती ते एकदा ठरवून घ्या आणि तेवढीच मागा. ‘तासभर’ म्हणालात तर मी आनंदानं डाळ भिजत घालीन.

त्या दिवशीची पाच मिनिटं साडेबारापर्यंत गेली. तीनदा ‘रोलिंग’ झालं. तिसऱ्यांदा सगळं कसं जमून आलं होतं म्हणे. हिरॉइनच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं, कावळेसुद्धा गप्प होते, आणि नेमके तेव्हा आमचे मामंजी झोपाळ्यावरून ओरडले, ‘वरण झालं का गं?’ मामंजी पंच्याऐंशीचे. ‘सायलेन्स’ त्यांना ऐकूच जात नाही. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, या हिशेबानं ते बोलतात. बाहेर ‘कट’ झालं. कुणीतरी हसलंही.

पोरगा पुन्हा दारात. मला वाटलं, आता मामंजींनाही बिस्किटं द्यायला आला. पण तो म्हणाला, ‘आंटी, लंच ब्रेक झालाय. कुकर लावा तुम्ही आता. सॉरी हां.’ मी गॅस पेटवला. तो तिथंच घुटमळत राहिला. पाणी हवंय का विचारलं, तर हो म्हणाला. तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायला.

मग म्हणाला, ‘आंटी, तुम्ही इथल्याच ना? उद्यासाठी एक वाडा शोधतोय. असा माडीवाला. आणि माडीला लाकडी कठडा पाहिजे. आमच्या सरांना कपडे वाळत घातलेले दाखवायचेत.’

‘होता एक.’

‘कुठं?’

‘दोन आळ्या सोडून मोकळा प्लॉट आहे बघ. तुमची जनरेटरची गाडी उभी आहे ना, तिथं.’

त्यानं त्या दिशेला बघितलं. घरांच्या आडून काहीच दिसत नव्हतं, नुसती केबल तिकडं गेलेली. ‘पाडला?’

‘सात वर्षं झाली.’

तो ‘ओह’ म्हणाला. आणखी काहीतरी म्हणणार होता, पण हातातला वॉकीटॉकी खरखरला. लंच अर्ध्या तासानं पुढं ढकललं होतं, हिरॉइनला आत्ताच एकदा पुन्हा करायचं होतं. त्यानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला, माझ्याकडे बघून हात जोडले आणि पळाला.

कुकर आतून नुकता गुरगुरायला लागला होता. मी गॅस बंद केला.